बारीतला टोमणा

टोमणे मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा मला माज होता. भजनाच्या डबल बारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि मधेमधे एकमेकांची खोड काढतात. अभंगाला लोक माना डोलावतात, शिट्ट्या मात्र टोमण्याला मारतात. मंडपातलं बोलणं मंडपातच सोडायचं, राग घरी न्यायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्या रिवाजाच्या आड लपून मी जे केलं, त्याची मला अजून शरम वाटते.

समोरचा बुवा माझा गुरुबंधू. एकाच पेटीवर आम्ही दोघं शिकलो. दोन वर्षांपूर्वी त्याचं गाणंच बंद पडलं. झोप नाही, जेवण नाही, पेटी उघडली की हात थरथरायचे. घरचे देवाला गाऱ्हाणी घालत होते. मीच त्याला कणकवलीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गावातल्या कोणी बघू नये म्हणून तो नांदगाव तिठ्यापर्यंत रिक्षाने यायचा आणि तिथून माझ्या मोटरसायकलवर बसायचा. गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत तो परत गायला लागला. हे फक्त त्याच्या बायकोला आणि मला ठाऊक होतं. मदत केल्याचा मला केवढा अभिमान!

मग यंदा माघात एका देवळाच्या वर्धापनदिनाला आमची दोघांची बारी लागली, दुपारी तीनची. तो असा गायला की माझे कोरसवालेसुद्धा माना हलवायला लागले. त्यातच माझा आवाज वरच्या पट्टीत फाटतो, यावर त्याने एक साधासा टोमणा मारला. मंडप हसला. मला मिरची झोंबली. पखवाजवाला ठेका धरून माझ्याकडे बघत होता, आणि मी गायलो, "गोळी घेऊन इलो बुवा, सूर कसो लागतलो?"

लोकांना नीटसं कळलं नाही. कसली गोळी, म्हणून मागून कोणीतरी विचारलं. तेव्हा मी बोट डोक्याला लावून फिरवून दाखवलं. ओळ तोंडातून निसटली म्हणता येईल एक वेळ, बोट कसं निसटेल? शिट्ट्याच शिट्ट्या पडल्या. तोही हसला, बारी पुरी केली आणि शेवटी सगळ्यांसमोर मला मिठी मारून गेला.

त्यानंतरच्या तीन बाऱ्या त्याने सोडल्या. मी त्याच्या घरी गेलो. लाज वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर माफी मागून मोकळं व्हायची घाईही होती. तो घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होता. मी म्हटलं, पुढच्या बारीत माइकवरून चारचौघांत तुझी माफी मागतो.

त्याने मानही वर केली नाही. म्हणाला, "परत माइकार? एकदा सांगलंस तां पुरे नाय?"

मग त्यानेच सांगितलं की औषध बंद केलंय. बाजारात लोक त्याला बघून डोक्याला बोट लावतात. गोळ्याच घेतल्या नाहीत तर निदान ते खोटं तरी ठरेल. झोप पुन्हा गेली होती. बिया पसरताना त्याचे हात थरथरत होते. मी म्हटलं, उद्या सकाळी तिठ्यावर येतो, डॉक्टरांकडे जाऊया.

"तुझ्यावांगडा? नको रे."

हे तो रागाने म्हणाला नाही. राग असता तर मी पाय धरले असते.

निघताना त्याच्या बायकोला एवढंच सांगितलं की माझ्याबरोबर नको तर नको, कोणाबरोबरही जाऊदे, पण जाऊदे. मग रोज फोनकडे बघत बसायचो. नवव्या दिवशी तिचा फोन आला, दबक्या आवाजात.

"भावजी, आमी डॉक्टराकडे जाऊन इलंव. औषद परत चालू झाला. ह्येंनी तुमका सांगू नको म्हणून सांगल्यानी, तरी सांगतंय."

बरं केलंत, म्हणालो. हे माझ्याकडून कोणाला कळणार नाही, असंही म्हणायचं होतं. पण ते तिला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने फोन ठेवला.