हवालदारकाकांचं नाक

हवालदारकाका रायफल आधी हुंगायचे. पेटी उघडली की हात लावण्यापूर्वी वाकायचे, डोळे मिटायचे, नळीच्या मुळाशी नाक न्यायचे आणि मग "हं" म्हणायचे. ती शेवटची कधी साफ केली होती, कुठलं तेल घातलं होतं, मालक खरं बोलतोय की नाही, सगळं त्यांना त्यातून कळायचं. आमच्या घरी आले तरी तेच. चहाचा कप, कोथिंबिरीची जुडी, माझी नवी वही, जे हातात येईल ते आधी नाकाशी. आई हसायची. "भावोजी, विष नाही घातलं."

"सवय आहे, वहिनी. फौजेत चोवीस वर्षं हेच केलं."

ते इकडे आखातात, अल कुसैसला, आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत शस्त्रं दुरुस्त करायचे, आणि निवृत्तीनंतर इकडे शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबमध्ये तेच काम करायला आले. बाबा लिफ्टचे टेक्निशियन. एकदा बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तेव्हा दोघं मिळून तिच्यात डोकं घालून बसले, आणि त्या दिवसापासून रविवारचं जेवण आमच्याकडे, असं ठरून गेलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय न विचारता समजून घ्यायचं असतं, हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट आला: एखादं यंत्र निवडा, ते वापरणाऱ्यांना भेटा आणि ते किती भरवशाचं आहे ते शोधा. बाकीच्यांनी वडिलांच्या ऑफिसातून यंत्रं मिळवली. बाबांच्या कंपनीने लिफ्टला नकार दिला. मी दोन आठवडे गप्प राहिले. शेवटी एका रविवारी आईच बोलली, आणि काका वरणभात कालवता कालवता म्हणाले, "माझ्याकडं ये की. अकरा मालक आहेत, अकरा रायफली. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. याच्याहून चांगलं काय पाहिजे?"

मला बंदुकीची भीती वाटायची. पहिल्या शनिवारी काकांनी मला रायफलीच्या जवळही जाऊ दिलं नाही. रिकामी आहे हे तीनदा तपासलं, मला तीनदा बघायला लावलं, मग समजावलं. ही सेमी-ऑटोमॅटिक. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, त्याच झटक्याने रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि पुढचं काडतूस आपोआप आत सरकतं. "माणसानं फक्त चाप ओढायचा. बाकी सगळं तिचं ती करते. म्हणून लाड जास्त. आत जरा कुठं चिकटलं, की पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत. बसली रुसून."

मी प्रश्नावली छापून नेली होती. पहिला प्रश्न: तुमची रायफल अडकते का? सहा मालकांना विचारला, सहाही जण म्हणाले, कधीच नाही. एकाचा तर चेहराच पडला, जणू मी त्याच्या मुलाच्या चारित्र्याबद्दल विचारलं होतं. काका लांबून बघत होते. संध्याकाळी बसमध्ये म्हणाले, "अडकते का, असं विचारू नकोस. अडकली की काय करता, असं विचार."

पुढच्या शनिवारी तसं विचारलं. एकजण म्हणाला, मी मॅगझिनला थापटी मारतो. दुसरा म्हणाला, खाली ठेवतो, कपभर कहावा पितो, मग ती आपोआप ऐकते. तिसऱ्याने मॅगझिनवर खडूने फुली मारली होती; तेच मॅगझिन त्रास देतं, हे त्याला ठाऊक होतं, पण वडिलांनी दिलेलं म्हणून टाकवत नव्हतं. माझी वही भरायला लागली. माणसाला लाज न वाटता खरं कसं बोलू द्यायचं, हे मी त्या दिवशी शिकले. कॉलेजात ते अजूनही रोज उपयोगी पडतं.

अकरापैकी दहा रायफली ठीक होत्या. शंभरेक गोळ्यांत एखादी अडकायची, तीही वाळूमुळे किंवा हलक्या काडतुसांमुळे. अकरावी बू राशिदांची. बू राशिद म्हणजे साठीचे एक अमिराती गृहस्थ, अंगात पांढरीशुभ्र, पायघोळ कंदुरा, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. ते जुन्या पिढीचे, हिंदी आमच्यापेक्षा चांगलं बोलायचे. वर्षभरापूर्वी घेतलेल्या त्यांच्या रायफलीबद्दल मात्र त्यांची एकच तक्रार होती. काकांनी साफ करून दिली की ती अडकायची. क्लबातल्या वर्षभराच्या नोंदी मी तारखेवार मांडल्या. चार वेळा काकांनी साफ केली, आणि चारही वेळा पुढच्याच शनिवारी पाच-सहा गोळ्यांतच अडकली. काका रजेवर गावी गेले होते तेव्हा दोन महिने ती साफ झाली नाही, आणि ते दोन महिने धड चालली.

बू राशिदांनी मॅनेजरकडे तक्रार केली होती. काकांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं. मॅनेजर मला हसून म्हणाले, "तुम स्टडी कर रही हो ना? गुरुवार को मुझे भी एक कॉपी दे देना." शनिवारी मेंबर्सची मॅच होती. त्यात ती रायफल पुन्हा अडकली तर काकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, हेही त्यांनी त्याच हसऱ्या तोंडाने सांगितलं.

त्या रविवारी आईच्या हातून दूध करपलं. चहाला असा वास की बाबांनी कप खाली ठेवला. काकांनी कप नाकाशी नेला, डोळे मिटले, "हं, झकास," म्हणाले आणि सगळा चहा प्यायले. ते गेल्यावर आई म्हणाली, "किती सभ्य माणूस." मला रडू आलं. अशा माणसाविरुद्धचा कागद माझ्या दप्तरात होता.

ते पान फाडून टाकावं असंही एकदा वाटलं, हे कबूल करते. दहा रायफलींचाच अभ्यास केला असं लिहिलं असतं तरी सरांना कळलं नसतं. बुधवारी कॉलेज बुडवून मी क्लबात गेले. काकांच्या टेबलावर बू राशिदांची रायफल मॅचसाठी आलेली होती. चार दिवसांपूर्वीच काकांनी साफ करून घरी पाठवली होती, आणि आता मॅचआधी एकदा बघा म्हणून ती परत आली होती. मी पान पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आकडे नीट मांडलेस. दे साहेबांना."

"काका, तुमची काही चूक असेल असं मला वाटत नाही."

"तुला वाटून काय उपयोग, पोरी. मलाबी वाटत नव्हतं. आत दरवेळी चिकट लागतंय. तेल खराब आलं म्हणून दोनदा बाटली बदलली. तरी तेच." मग त्यांनी पेटी उघडली, वाकले, डोळे मिटले, नळीच्या मुळाशी नाक नेलं. "हं. वास तर ठीक आहे."

मी जरा घुटमळले. मला त्यातलं काय कळतं, असं वाटत होतं. "काका, ते अत्तर असतं त्याचं काही नसेल ना?"

"कसलं अत्तर?"

पेटी उघडल्याबरोबर सगळी खोली ऊदाच्या अत्तराच्या वासाने भरली होती. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरायची. काका हुंगतात आणि काही म्हणत नाहीत, म्हणजे ते चालत असेल, असं मी धरून चालले होते.

"तुम्हाला येत नाही वास?"

काका स्टुलावर बसले. "मागच्या थंडीत ताप आला होता बघ. त्यात नाक गेलं. येईल, येईल म्हणत वर्ष झालं. कुणाला सांगितलं न्हाय. ज्याचं नाक गेलं, त्याच्या हातात कोण रायफल देईल?"

"मग हुंगता कशाला?"

"न हुंगता हात लावला तर तुम्हाला कळलं असतं की."

"म्हणजे त्या दिवशीचा चहा…"

"काय होतं चहात?"

"काही नाही."

मग ते एकदम उठले. आतला भाग काढून बोटाने पुसला, बोट बोटावर घासलं आणि ते माझ्यापुढे धरलं. "तू हुंग." मी हुंगलं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखा वास होता, आणि खाली कुठेतरी गुळासारखं जड काहीतरी. काका पहिल्यांदाच हसले. "म्हणजे अरबाब आतनं अत्तर घालतोय तिला."

अरबाबाला, म्हणजे मालकाला, तसं सांगणं सोपं नव्हतं. पण काका म्हणाले, आधी आपलं सांगू, मग त्यांचं. शनिवारी सकाळी मॅचच्या आधी त्यांनी मॅनेजरसमोरच बू राशिदांना हात जोडले. "अरबाब, मेरा नाक एक साल से बंद है. मैंने छुपाया, वो मेरा कसूर. इसलिए पता नहीं चला. आपकी बंदूक में ऊद है."

बू राशिदांना राग येईल म्हणून मी मॅनेजरच्या मागे उभी होते. ते नुसते चकित झाले. "तो? तुम साफ करके भेजते हो, मेरे घर सब लोग देखने आते हैं. मेहमान आए तो हम ऊद लगाते हैं. ये तो घर की इज़्ज़त है, इसको नहीं लगाऊँ?"

"लगाओ, अरबाब. डिब्बे को लगाओ. इसके पेट में मत डालो."

बू राशिदांनी माझ्याकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं आणि इतक्या मोठ्याने हसले की पलीकडचा नेमबाज बंदूक खाली ठेवून बघायला लागला. काकांनी रायफल आदल्या दिवशीच खोलून धुऊन काढली होती. बू राशिदांनी एक मॅगझिन संपवलं, मग दुसरं, मग तिसरं. मी कागदावर रेघा ओढत पुंगळ्या मोजत होते. दर वेळी पुंगळी उडून सिमेंटवर वाजली की माझ्या छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं. तीस मोजल्यावर रेघा ओढायचं माझं भानच राहिलं नाही. ती एकदाही अडकली नाही.

मॅनेजर नाकाबद्दल काहीतरी बोलायला लागले, तर बू राशिद म्हणाले, "नाक गया तो क्या, हाथ है ना. सच भी बोलता है. खलास." कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाने वाढलं. गुरुवारी द्यायचा तो कागद मी मॅनेजरना आणि कॉलेजात सरांना सोमवारी दिला, एक ओळ वाढवून: आत ऊदाचं अत्तर सापडलं. सरांनी त्या ओळीखाली लिहिलं, "हे मोजलं कशाने?" मी लिहिलं, "नाकाने. माझ्या."

त्यानंतर काकांनी हुंगायचं सोंग सोडलं. मी क्लबात असले की पेटी माझ्यापुढे सरकवायचे, "बघ गं, काय म्हणतीय," आणि नसले की बोटांनी बघायचे. घरी मात्र चहा मुकाट्याने प्यायचे, आणि त्यांनी नाकाशी न नेलेला कप बघून आईलाच चुकल्यासारखं व्हायचं.

या उन्हाळ्यात ते कायमचे गावी गेले. टॅक्सी खाली उभी होती. बाबांनी बॅग लिफ्टमधून उतरवली, आणि तेवढ्या वेळात मी काकांना करपलेल्या चहाचं सांगून टाकलं. ते जिन्यातच थांबले. "आणि मी झकास म्हणालो?" म्हणून मान हलवत हसत राहिले, टॅक्सीत बसेपर्यंत.

परवा कॉलेजातून येताना त्यांचा आवाजी मेसेज आला. मागे कुणीतरी भांडी आपटत होतं.

"सायली, आज सूनबाईनं दूध करपवलं. सगळं घर तिला बोलतंय, मी एकटाच हसतोय. वास आला, पोरी. पहिल्यांदा चुलीपाशी आला, मग कपात आला. वहिनींना सांग, त्या दिवशीचा चहा आज कळला."

आईने तो तीनदा ऐकला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "सांग त्यांना, इतका काही वाईट नव्हता."