लाखोरीवरून गेलेली गाडी

"त्या माणसाचं नाव माझ्या फाटकाच्या आत काढायचं नाही! समजलं का बे? नाही म्हणजे नाही!"

टेकचंदभाऊ ओरडत होते. त्यांच्या राईस मिलच्या शेडखाली ती लाल सेडान उभी होती, आणि नागपूरहून ती बघायला आलेल्या दोघांपैकी एक जण बॉनेटवरच्या ओरखड्यांवर बोट ठेवून थिजला होता. त्याचा गुन्हा एवढाच, की हे ओरखडे कशाचे असं त्याने विचारलं. कुणीतरी हमाल बोलून गेला, 'ते सुकरामचं काम.' झालं, भाऊंचा पारा चढला.

मी तिथेच उभा होतो. तिरोड्यात कुणालाही विचारा, दिलीप पानठेलेवाला गप्प उभा आहे ही पेपरात छापण्यासारखी बातमी आहे. पण मी गप्प होतो. कारण ते ओरखडे कसे पडले, हे त्या शेडखाली एकट्या मला माहीत होतं.

ही गोष्ट खरी कशी घडली, ते मी आजवर कुणा तिऱ्हाईताला सांगितलेलं नाही. दोघांना सांगितली, पण त्यांचा तो हक्कच होता. खोटी कशी घडली ते मात्र तुम्ही ऐकलंही असेल – माझ्या ठेल्यावर ती वर्षानुवर्षं काथ-चुन्याबरोबर फुकट मिळायची. खोटी सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. खरी लिहायला बसलो तर बघा, अजून गाडीपर्यंतच पोचलोय.

तर आधी गाडीच सांगतो. तेवढंच जरा सोपं आहे.

जपानी होती, नाव कशाला घेऊ, ते काही मला जाहिरातीचे पैसे देत नाहीत. नवं शतक लागता लागता भाऊंनी ती घेतली. तेव्हा आमच्याकडे मोटार म्हणजे जीप, आणि जीप म्हणजे आत दहा, टपावर दहा आणि मागे लटकलेले वेगळे. त्यात ही बुटकी, रुंद, लालभडक. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या पुढे सरकला की इंजिनचा सूर फिरायचा – आधी मांजर, मग वाघ. मी ठेल्यावर सांगायचो, तिरोड्याहून निघालं की गोंदियात पोचून चहा पिऊन होतो, मग मागून आपलाच हॉर्न ऐकू येतो. नागझिऱ्याच्या रस्त्यावर एका चितळाने हिच्याशी शर्यत लावली, हरला, आणि लाजेने बालाघाटला राहायला गेला. लोक पान चघळत हसायचे. मीही हसायचो. गाडी माझी नव्हती, पण गाडीच्या गोष्टी माझ्या होत्या ना?

भाऊंना स्वतः चालवायचा धीर नव्हता. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. ते मिलचे मालक झाले, मी मिलसमोरचा पानवाला. तरी किल्ली मलाच मिळायची. आणि त्या किल्लीने मला काय दिलं, ते कसं सांगू? ठेल्याच्या फळीमागे दिवसभर मांडी घालून बसणारा माणूस मी. तिच्यात बसलो की मी कुणीतरी व्हायचो.

त्या साली उन्हाळा तोंडावर आला होता. भाऊंनी पाहुण्यांना साकोलीला सोडायला पाठवलं आणि बजावलं, "दिल्या, येताना मोठ्या रोडनं ये. चोरखमाऱ्याकडून येऊ नको. लाखोरी पसरून आहे."

लाखोरी म्हणजे धान निघाल्यावर आम्ही घेतो ती डाळ. बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, पण आमच्याकडे लोक ती वेलांसकट डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात. येणारी-जाणारी वाहनं तिच्यावरून जातात, दाणे मोकळे होतात. बस जाते, ट्रॅक्टर जातो, काही होत नाही. त्यांचं पोट उंच. पण बुटक्या गाडीच्या पोटाला ते वाळलेलं काड गुंडाळतं, आणि सायलेन्सर तापलेला असला, की मग काय होतं ते लहान पोराला विचारलं तरी सांगेल. मला माहीत नव्हतं? होतं. सगळं माहीत होतं.

तरी मी चोरखमाऱ्याकडून आलो. काऊन? मोठ्या रोडवर ट्रक असतात. तिकडे रस्ता मोकळा आणि बघायला दारादारात लोक. पुढे रस्त्यावर एक माणूस दोन्ही हात हलवत उभा दिसला. आणि मला वाटलं – आता हसू नका – मला वाटलं गाडी बघून खूश झालाय. मी हॉर्न वाजवला, काटा पाच हजारांच्या वर नेला आणि त्याच्या लाखोरीवरून वाघासारखा गेलो.

तो सुकराम मडावी होता. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठी थोड्या घरांची वस्ती आहे, त्या टोल्यावरचा. दर हिवाळ्यात धान निघाला की भाऊंच्या मिलमध्ये पोती उचलायला यायचा. मला चांगला ओळखत होता. तो मला थांबवत होता.

थोडं पुढे गेलो आणि वास आला. मग बॉनेटच्या फटींतून धूर. गाडी थांबवली, तर पट्टा निघेना. एरवी पट्टा लावणारा तिरोड्यात मी एकटाच – लावला की पायलट असल्यासारखं वाटायचं. आता तोच पट्टा छातीला घट्ट, आणि पायाखालून चरचर आवाज. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. पुढे सांगताना मी त्या जागी 'मी शांतपणे विचार केला' असं घालायचो. शांत कसला? मी आईला हाका मारत होतो, नक्कीच.

सुकराम धावत आला. धानाची रिकामी पोती नहरात बुडवून आणली होती त्याने. एक बॉनेटवर फेकलं, दाबलं, घासलं. दुसरं चाकांखाली. मग विळ्याने माझा पट्टा कापला, मला खांद्याला धरून ओढून काढलं, आणि स्वतः गाडीखाली शिरला. जळतं काड त्याने हातांनी ओढून काढलं. उघड्या हातांनी. मी रस्त्याच्या कडेला बसून खोकत होतो, आणि तो ओढत होता.

गाडी वाचली. मीही वाचलो. पोत्याला चिकटलेल्या नहराच्या वाळूने बॉनेटवर ओरखडे उठले, एवढंच.

मी त्याला पाणी तरी विचारलं का? नाही. माझ्या डोक्यात एकच – भाऊ आता किल्ली देणार नाहीत.

तिरोड्याला पोचेपर्यंत माझी गोष्ट तयार होती. फार मोठी गोष्ट होती ती. टोल्यावरचे लोक रस्ता अडवून उभे होते, लाखोरीवरून का गेलास म्हणून सुकरामने गाडीखाली पेटतं काड सारलं, विळा घेऊन पट्ट्यावर आला, वाळूने बॉनेट घासलं, आणि मी – मी एकटा – वाऱ्यासारखी गाडी काढून वाचवून आणली. प्रत्येक खुणेला मी एक-एक कारण दिलं. पट्टा कापलेला, पोट जळलेलं, बॉनेट घासलेलं. सगळं जुळत होतं. चांगला कारागीर आहे मी, नाही?

दोन दिवसांनी सुकराम मिलच्या फाटकावर आला. दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली. बहुतेक माझी तब्येत विचारायलाच आला होता. भाऊ त्याच्यावर ओरडले. असे ओरडले, की समोरच्या ठेल्यावर माझ्या हातातलं पान खाली पडलं. "पुन्हा या मिलमध्ये पाय ठेवायचा नाही!" तो म्हणाला, "मालक, मी त आग विझवलो. त्याईले विचारा." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी सुपारी कातरत होतो. मी सुपारीच कातरत राहिलो.

एवढंच. हेच सांगायला इतका फिरलो.

त्यानंतर सुकराम कुठे मजुरीला गेला, मी विचारलं नाही. किल्ली मला मिळत राहिली. मी तिच्यातून दोन पोरींच्या वराती नेल्या, त्यांतली एक माझी. नातवाला तिच्याच मागच्या सीटवर झोपवून आणलं. खरं सांगू? या सगळ्या वर्षांचा आनंद मी जेवढा भोगला तेवढा क्वचितच कुणी भोगला असेल. पहाटे ठेला उघडून पहिला चहा घेताना मला आपोआप नहराच्या पाण्याने निथळणारी पोती दिसायची, आणि वाटायचं, हा घोट त्याचा. मनातल्या मनात रोज आभार मानले मी त्याचे. मनातल्या मनात मानलेल्या आभारांनी त्याची चूल थोडीच पेटणार होती?

वर्षं गेली. विजेचा कारखाना आला, तिरोड्यात गाड्याच गाड्या झाल्या. आमची लाल गाडी शेडखाली धूळ खात राहिली. पण भाऊंनी तिला कधी विकलं नाही, कधी रंग दिला नाही. आणि मग एका पावसाळ्यात हे दोघे नागपूरहून आले.

जुन्या गाड्यांचे शौकीन. अख्खी दुपार भांडले आपसात. एकाचं म्हणणं, ह्या गाड्या कधीच क्लासिक होणार नाहीत. जुन्या गाडीचा पत्रा ठोकून नीट होतो, हिच्यात चिप आहे. चिप गेली की गाडी म्हणजे लाल कपाट. प्लास्टिक ठिसूळ होतं, भाग मिळत नाहीत. आणि पन्नास हजार निघाल्या, त्यात नवल काय? दुसरा म्हणे, नवल पुढे वाटेल. हाताने गियर टाकायची, कानाने इंजिन ऐकायची ही शेवटचीच पिढी. आणि निघाल्या किती याने काय होतं, उरल्या किती ते बघ. लोकांनी तर ह्या खेळून-खेळून मोडल्या. न बदललेली, कंपनीच्या रंगातली एखादीच सापडते. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अंकल, गाडी पुरानी होने से क्लासिक नहीं होती. उसकी कहानी चाहिए." त्याला प्रत्येक गाडीची गोष्ट लिहून, फोटो लावून आपल्या मंडळींत दाखवायची होती. म्हणून त्याने ओरखड्यांबद्दल विचारलं. म्हणून भाऊ ओरडले.

ओरडणं ओसरल्यावर भाऊ गोष्ट सांगू लागले. माझी गोष्ट. शब्दही माझेच. तो माणूस मोबाईलवर टिपून घेत होता, आणि मध्येच त्याने विचारलं, "सुकराम. पूरा नाम?"

लाल पत्र्याबरोबर आता ते नावही जपून ठेवलं जाणार होतं. पुसलं न जाणारं. मी आयुष्यभर गोष्टी विकल्या, पण पहिल्यांदा एक गोष्ट माझ्या हातातून कायमची निघून चालली होती.

मी म्हणालो, "लिहू नका. खोटं आहे ते."

तिथेच सांगितलं नाही मी सगळं. तेवढी हिंमत तेव्हाही नव्हती. त्या दोघांना चहाला पाठवलं आणि भाऊंना गाडीत बसवून सांगितलं, काचा वर करून. भाऊ किती तरी वेळ डॅशबोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग म्हणाले, "चालव." मी विचारलं, कुठे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी किल्ली फिरवली.

टोल्यावर पोचलो तेव्हा सुकराम रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, घराबाहेर पडत होता. केस पिकलेले, डोक्यावर मेणकापड, हातात रोपांची पेंडी. भाऊ आधी बोलले. मिलच्या मालकाने त्या अंगणात हात जोडले, आणि हात जोडायचं कारण मी होतो. मग मी बोललो. लांबलचक बोलायची सवय माझी, पण त्या दिवशी शब्द कमी पडले. मी म्हणालो, तू मला वाचवलंस, आणि मी तुझ्यावर आळ घेतला. फाटकावर तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा मला सगळं आठवत होतं. पट्टा कापलेला, तुझे हात, सगळं. तरी बोललो नाही.

त्याने ऐकून घेतलं. पेंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरसभर वाट पायली होती तुमची," तो म्हणाला. "मंग सोडून देली. सरका, रोवण्याले उशीर होऊन राहिला."