जिन्यांचं शहर

थोरलीचा संशय पाहुण्यांच्या पहिल्याच सकाळी पक्का झाला. ती आंघोळ करून बाहेर आली तर धाकटी जाऊ पलंगासमोरची भिंत वितीने मोजत होती. थोरलीला पाहताच तिने हात मागे घेतला आणि भिंतीचा रंग छान आहे म्हणाली. रंग पांढरा होता.

सासरी तिला सगळे थोरलीच म्हणत. नवऱ्याच्या नोकरीपायी ती या परमुलखात आली आणि नवरा गेला तरी परत गेली नाही. एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम धरलं. परक्यांनी वापरलेल्या खोल्या आवरून आवरून तिची नजर अशी तयार झाली होती की उशी कोणी उलटी ठेवली तरी कळावं. मग स्वतःच्या घराचं काय विचारता. ओट्यावरचं कपाट कोणीतरी उघडून पाहिलंय, हेही तिला त्याच सकाळी कळलं.

भिंत कशाला मोजली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मागे एकदा दीर फोनवर म्हणाले होते की आईचं करणं आता सगळ्यांनी वाटून घ्यायला हवं. थोरलीने आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला, आणि पुढे घरचे फोन घ्यायचंच टाळलं. तर आता शहर बघायला येतोय असा निरोप पाठवून जोडी दत्त म्हणून दारात उभी. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्या भिंतीला सासूबाईंची खाट लागणार होती. ज्या बाईंनी थोरलीच्या हातच्या चहाला उभ्या जन्मात बरं म्हटलं नव्हतं, त्या आता तिच्या एकुलत्या एका खोलीत येऊन राहणार होत्या.

तोंडावर नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. म्हणून तिने ते शहराकडून वदवून घ्यायचं ठरवलं.

त्या शहरात सपाट रस्ते भरपूर होते. थोरलीने त्यातला एकही दाखवला नाही. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात सरकते जिने डावीकडे होते, ती उजवीकडे वळली. संग्रहालयात मागच्या, पायऱ्यांच्या दाराने नेलं. बागेत बाक दिसला की ओला आहे म्हणाली. वाटेत सांगत राहिली, म्हाताऱ्या माणसाचं इथे फार कठीण, दवाखाना लांब, शेजारी ढुंकून बघत नाहीत. दीर फोटो काढत पुढे चालले होते. धाकटी गुडघा दाबत मागून येत होती आणि तिचे प्रश्न काही संपत नव्हते. आजारी पडलात तर पाणी कोण देतं? खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते? थोरली शब्द तोलून उत्तरं देत होती. ही उलटतपासणी कोणाच्या सांगण्यावरून चालली आहे, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

हुकमाचं पान म्हणून तिने घंटाघराचा मनोरा शेवटी ठेवला होता. लिफ्ट आहे का, असं दिरांनी विचारलं. नाही, असं थोरलीने मान न वळवता सांगितलं. अर्ध्या वाटेवर, मधल्या मजल्याशी, धाकटी पायरीवरच बसली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. थोरलीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दीर कॅमेरा सावरत वर निघून गेले.

"सासूबाईंना हे झेपायचं नाही गं," थोरलीने संधी साधली.

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "सासूबाई कशाला येतील? त्यांना नणंदबाई घेऊन गेल्या केव्हाच. तुम्ही फोन घेत नव्हता, सांगणार कसं?"

"मग भिंत कोणासाठी मोजत होतीस?"

धाकटीने ओढणीने तोंड पुसलं. "माझ्यासाठी."

मग ती दम खात खात बोलली. घर मोठं, पण आतून कडी लावून घटकाभर बसावं अशी जागा त्यात तिच्या वाट्याची नाही. वर्षातून एखाददुसरा महिना जाऊबाईंकडे यावं असं फार दिवस मनात होतं, पण विचारायचा धीर होत नव्हता. सकाळी चहा करायला म्हणून कपाट उघडलं, तेव्हा तो धीर आला.

"सहा कप आहेत तुमच्याकडे. त्यातल्या पाचांवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच आहे," धाकटी म्हणाली. "म्हटलं, तुम्हालाही सोबत होईल. पण दिवसभर माझा गुडघा बघत तुम्ही पायऱ्याच दाखवल्यात. समजलं मला. नाही विचारत."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या वाचणाऱ्या बाईची खोली या धाकटीने एका कपाटात वाचली होती. तिने धाकटीला हात देऊन उठवलं, मजल्यावरच्या दारातून आत नेलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

लिफ्ट आली. धाकटीने आधी लिफ्टकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे.

"ही होती?"

"होती," थोरली म्हणाली. "स्टेशनातही सरकते जिने आहेत. परत जाताना त्यांनीच जाऊ."