जयश्रीची झोप

कुंभकोणमच्या जयश्रीला स्वस्थ बसता येत नसे. कॉफीचा डिकॉक्शन उतरेपर्यंत ती ओटा दोनदा पुसायची, पाहुणे बोलत असताना उठून पडदे सारखे करायची. घरातले म्हणत, हिच्या पायाला चाकं आहेत. खरं कारण वेगळं होतं आणि ते तिनं बावन्नाव्या वर्षापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. ती बसली की तिचा डोळा लागायचा, आणि डोळा लागला की ती घोरायची.

पुरुष घोरला तर लोक हसून सोडून देतात. बाईचं तसं नसतं. पंचवीस वर्षांपूर्वी मायवरमला एका लग्नात ती बायकांच्या खोलीत झोपली होती. सकाळी एक मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "रात्री खोलीत लॉरी आली होती काय गं?" तेव्हापासून जयश्री कुठल्याही लग्नात आडवी झाली नाही. सगळ्या निजल्या की ती आचाऱ्यांकडे जाऊन भाजी चिरत बसायची. सगळे म्हणायचे, कामाला वाघीण आहे.

तिचं कामही डोळ्यांचंच. दारासुरमला कृष्णमूर्ति नावाच्या रेशीम व्यापाऱ्याकडे ती विणकरांकडून आलेल्या साड्या तपासायची. काचेच्या टेबलावर साडी पसरायची, खालून दिवा लावायचा, चष्मा चढवायचा आणि हात हात पुढे सरकवत तुटलेला धागा, सैल पडलेली जर, काठाच्या जोडातली फट शोधायची. एकोणीस वर्षं तिच्या हाताखालून गेलेली साडी परत आली नव्हती. या मार्गशीर्षात मात्र दोन आल्या. दुसरीच्या पदरात बोटभर जागेत जरच नव्हती, आंधळ्यालाही दिसावं असं.

कृष्णमूर्ति भला माणूस. तो तमिळमध्ये हळूच म्हणाला, "अम्मा, काही दिवस घड्या घालायचं बघा. टेबलावर ती नवी मुलगी बसेल."

तिनं दिवसभर घड्या घातल्या. संध्याकाळी स्कूटर काढली आणि दारासुरमच्या वळणावर, उजेड असताना, भर रहदारीत, तिला झोप लागली. किती क्षण ते तिला माहीत नाही. जागी झाली तेव्हा स्कूटर रस्त्याच्या कडेला वाळूच्या ढिगात रुतली होती आणि एक बसवाला खाली उतरून विचारत होता, "काय झालं अम्मा, चक्कर आली?"

"हो, चक्कर," ती म्हणाली.

घरी मात्र नवऱ्यापुढे हे चाललं नाही. अनंतकृष्ण निवृत्त गणित मास्तर. बोलायचा कमी. हे घर तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्यांपैकी. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत त्यांची जुनी, तमिळ वळणाची मराठी. त्यानं तिच्या कोपरावरचं खरचटलेलं पाहिलं, हळद लावली आणि मग म्हणाला, "जया, तुजा श्वास थांबतो. निजेंत. मी घड्याळ लावून पाहिलों. एकदां चाळीस सेकंद थांबला."

"कायतरी बोलूं नका."

"तीन वर्षं झालीं. सांगिटलों असतों, तर तुला राग आला असता."

तिला राग आलाच. श्वास थांबल्याचा नव्हे, तो तीन वर्षं जागा राहून ऐकत होता याचा.

तंजावरच्या डॉक्टरांनी एका रात्रीसाठी एक छोटं यंत्र घरी दिलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी. ते बांधून ती निजली आणि दोन दिवसांनी कागद हातात आला. तिचा श्वास तासाला एक्केचाळीस वेळा अडत होता. म्हणजे मिनिट-दीड मिनिटाला एकदा. डॉक्टर म्हणाले, घशाच्या मागचा भाग झोपेत सैल होऊन वाट बंद करतो, मेंदू घाबरून जागं करतो, पुन्हा झोप, पुन्हा बंद. "तुम्ही आठ तास झोपता असं तुम्हाला वाटतं. झोपेत तुम्ही रात्रभर कुस्ती खेळत असता." उपाय एकच सांगितला: नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन. महिनाभर भाड्यानं घेऊन बघा. आणि तोवर स्कूटर बंद.

यंत्र घेऊन शरण्या नावाची एक तरुण तंत्रज्ञ घरी आली. डब्याएवढं मशीन, सापासारखी करडी नळी, पाण्याची छोटी टाकी. "यात डिस्टिल्ड पाणीच घालायचं, रोज बदलायचं. मास्कची गादी रोज सकाळी साबणानं धुवायची." ती भराभर सांगत होती. अनंतकृष्ण वहीत लिहून घेत होता. जयश्री उभीच होती.

"बसा ना अम्मा."

ती बसली. शरण्यानं नाकावरचा मास्क लावला, डोक्यामागून पट्टे ओढले, बटण दाबलं. हवा आली आणि त्याबरोबर शिट्टी वाजायला लागली. उजव्या बाजूनं हवा निसटून थेट डोळ्यात. पट्टे आवळले, पुन्हा शिट्टी. शरण्या वाकून पाहू लागली आणि म्हणाली, "ही बेसरी मध्ये येते आहे."

जयश्रीच्या उजव्या नाकपुडीत आठ खड्यांची बेसरी होती. दहाव्या वर्षी आईनं टोचून घातलेली, लग्नात सासूनं बदलून मोठी केलेली. त्यानंतर ती निघाली नव्हती. फिरकी आत रुजल्यासारखी बसली होती.

"काढता येईल का?"

"नाही," जयश्री म्हणाली.

मग शरण्यानं दुसरा मास्क काढला, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. त्यात बेसरी आत राहत होती, हवा निसटत नव्हती. पण तो चेहऱ्यावर बसताच जयश्रीला वाटलं, कुणीतरी तळहातानं तोंड दाबलं आहे. तिनं दोन्ही हातांनी तो उपटून काढला. केस तुटले. उठून ती अंगणात गेली आणि तुळशीला पाणी घालू लागली. सकाळीच घातलं होतं.

शरण्या जाताना म्हणाली, "रात्री लगेच लावू नका अम्मा. दिवसा लावून बसा. टीव्ही बघा, भाजी निवडा. अंगाला सवय होऊ दे."

पुढचे दहा दिवस घरात शांतता नव्हती. दुपारी जयश्री मोठा मास्क लावून गवारीच्या शेंगा मोडायला बसायची. पाच मिनिटांनी काढायची. सात मिनिटांनी. एकदा बारा मिनिटं टिकली आणि टेबलावरचं घड्याळच बंद पडलं की काय म्हणून उठून बघून आली. रात्री लावला तर पहाटे मास्क उशीखाली सापडायचा. कधी काढला हेही आठवायचं नाही. मशीनच्या पडद्यावर सकाळी आकडा यायचा: अडतीस मिनिटं. एक तास चार मिनिटं. बावीस मिनिटं. अनंतकृष्ण तो वहीत उतरवायचा. एके सकाळी तिनं वही ओढून घेतली. "मी शाळेंतलं पोर नाहीं. मार्क देऊं नका."

ती दिवसभर घरभर फिरत राहिली. माळ्यावरची भांडी खाली काढली, अर्धी घासून तशीच ठेवली. दुकानात जायची इच्छा नव्हती, घरी राहवत नव्हतं. बसनं दारासुरमला गेली, घड्या घालताना उभ्यानं पेंगली, नव्या मुलीनं खांद्याला धरलं. त्या मुलीच्या डोळ्यांत दया होती, ती तिला सोसली नाही.

त्या रविवारी नणंद पंकजा आली. ती थोरली, विठ्ठलाच्या भजनाला रोज जाणारी, बोलायला धारदार. मशीन पाहिलं, सगळं ऐकलं.

"तो नाकापुरता मास्क लहान अहे म्हणतेस, मग तो कां लावीत नाहींस?"

"बेसरी काढायला होणें, अक्का. काढल्याविना तो बसत नाहीं."

पंकजा म्हणाली, "नवरा असतां बेसरी काढतात? आपल्या घरांत कोणी काढली? अम्माची अप्पा गेल्यावर काढली. मी पाहिल्यें. मी धरून बसल्यें होतें तिला."

जयश्रीनं मान खाली घातली. तिला तेच आठवत होतं म्हणून तर शरण्याला तिनं चटकन नाही म्हटलं होतं. सासूचं ते नाक तिनंही पाहिलं होतं, बेसरी काढल्यावर राहिलेलं काळं भोक.

अनंतकृष्ण खुर्चीवरून उठला. तो नणंद-भावजयीच्या बोलण्यात कधी पडत नसे. त्या दिवशी पडला. "अक्का, ती बेसरी माज्यासाठीं घातलेली अहे, होय ना?"

"होय की."

"मग मी सांगतों. काढ, जया."

"लोक काय म्हणतील?"

"लोक रात्रीं इथें येऊन तुजा श्वास ऐकत नाहींत."

पंकजा रागावून गेली. कॉफीही न घेता.

बेसरी काढणंही सोपं नव्हतं. बाजारातल्या म्हाताऱ्या सोनाराकडे ती दोन वेळा दारापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्या वेळी आत गेली. सोनारानं खोबरेल तेलाचा थेंब सोडला, चिमटा घेतला, भिंग लावलं. वीस मिनिटं लागली. फिरकी सुटत नव्हती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सोनार पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हलू नका अम्मा, हलू नका." हलू नका हे तिला आयुष्यभर जमलेलं नव्हतं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. शेवटी टक् असा आवाज झाला आणि बेसरी त्याच्या तळहातावर पडली. केवढीशी होती.

परत येताना तिनं पदर नाकावर धरला होता. रस्त्यात भेटलेल्या भाजीवाल्या बाईनं विचारलं, "सर्दी?" ती म्हणाली, "हो." घरी आरशात बघवेना. उजवी बाजू दुसऱ्याच बाईची वाटत होती.

त्या रात्री लहान मास्क बसला. शिट्टी नाही, डोळ्यात वारा नाही. हवा आधी मंद, मग हळूहळू वाढत जाणारी. तरी झोप आली नाही. नाकातली हवा तोंडातून बाहेर पडत होती, नळीत पाणी साचून गुडगुडत होतं. शरण्यानं फोनवर सांगितलं, पाण्याची उष्णता एका अंकानं कमी करा, नळी चादरीखालून घ्या, तोंड उघडत असेल तर हनुवटीला पट्टा लावा. एकेक करून जयश्रीनं सगळं केलं, प्रत्येक वेळी चरफडत. गालावर पट्ट्यांचे वळ उठले, तिथे मऊ कापड शिवून लावलं. तिच्याच हातांनी, बारीक टाक्यांनी. ते करताना पहिल्यांदा तिला वाटलं की हे यंत्र आपल्या हाताखाली येऊ शकतं.

आकडा वाढत गेला, पण सरळ नाही. दोन तास, तीन, पुन्हा एक, मग एकदम साडेचार. साडेचारच्या त्या सकाळी ती उठली आणि तिचं डोकं दुखत नव्हतं. डोकं रोज सकाळी दुखतं हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. सगळ्यांचंच दुखत असेल असं ती धरून चालली होती. अंथरुणावर तशीच बसून राहिली. अनंतकृष्ण घाबरून आत आला, "काय झालं?"

"कांहीं नाहीं," ती म्हणाली. "बसल्यें अहें."

सोनारानं तिच्यासाठी दिवसा घालायला फिरकी नसलेली एका खड्याची बारीक काडी बनवून दिली, संध्याकाळी ओढली की निघणारी. पंकजानं ती पाहिली आणि या वेळी कॉफी घेऊन गेली. भजनाला मात्र तिला पूर्वीसारखी हाक मारायला तिनं दोन महिने लावले.

कृष्णमूर्तीनं लगेच टेबल परत दिलं नाही. आधी एक साडी तिला आणि नव्या मुलीला दोघींना तपासायला लावली. जयश्रीला ते लागलं. पण तिनं तपासली आणि मुलीला न दिसलेल्या दोन जागा खडूनं खुणावल्या. आठवडाभर असंच चाललं. मग एके दिवशी तो म्हणाला, "अम्मा, सकाळचा माल तुमच्याकडे, दुपारचा तिच्याकडे." पूर्ण टेबल नव्हे, अर्धं. तिनं ते घेतलं.

तीन महिन्यांनी तंजावरला डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड काढून पाहिलं. तासाला एक्केचाळीसचे पाच झाले होते. पहाटे चारनंतर ती अजून मास्क काढून टाकते, हेही कार्डात दिसत होतं. ते म्हणाले, "तेवढं जमवा. स्कूटर चालवायला हरकत नाही, आधी थोडं थोडं अंतर."

"किती दिवस लावायचं हे?"

"तुम्ही चष्मा किती दिवसांपासून लावता?"

ती बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "हा डॉक्टर फार बोलतो."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तंजावर-कुंभकोणम हा रस्ता तिनं शेकडो वेळा केला होता, आणि तिला त्यातली दोनच गावं माहीत होती: चढायचं ते आणि कंडक्टर उठवायचा ते. त्या दिवशी बस सुटली आणि ती जागी राहिली. अय्यमपेट्टै आलं, मशिदीजवळ शाळेची मुलं चढली. पापनाशमला केळीच्या पानांचे भारे टपावर गेले. मध्ये एके ठिकाणी रस्ता नदीच्या इतका जवळून जात होता की पाण्यात उभे असलेले बगळे मोजता आले. तिनं ते दाखवायला अनंतकृष्णाकडे पाहिलं, तर तो मान टाकून गाढ झोपला होता, पिशवी मांडीवर, वही पिशवीत.

तिनं त्याला उठवलं नाही. तिरुवलंचुळीच्या थांब्यावर एक बाई तिला विचारू लागली, हे कुठलं गाव. जयश्रीनं सांगितलं, आणि पुढची दोन गावंही सांगितली.