रिकामी अवतरणचिन्हं
खवट पिठाचा वास आला की मला तिकडे हिंदी मुलखातल्या गोपालपुऱ्यातलं ते मुलींचं हॉस्टेल आठवतं, जिथे मी पोळ्या करायचे. एकदा पिठात अळ्या वळवळत होत्या आणि दोन मुली उलट्यांनी आडव्या झाल्या होत्या. मी कुणापुढे तोंड उघडत नाही, पण सरकारी तपासणीसाठी तक्रारींची यादी टाइप करणाऱ्या, तिथेच राहणाऱ्या नागपूरच्या मुलीला त्या दिवशी सगळं सांगितलं. "मावशी, तुमचं बोलणं जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकते," ती म्हणाली. तपासणीच्या सकाळी मी चहा घेऊन ऑफिसात गेले, तर कॉम्प्युटरवाला मॅनेजरला स्क्रीनवर तीच यादी दाखवत होता. "एक लाइन का पैटर्न है सर. कोट के, इन निशानों के, अंदर जो भी मिला, सब साफ." त्याने बटण दाबलं. मुलींची नावं तशीच राहिली, शेवटचं 'रोटीवाली आंटी ने कहा' हेही राहिलं, पण प्रत्येकीपुढे नुसती चिन्हं, मध्ये काही नाही. मॅनेजर चहात बिस्किट बुडवत हसला, "आंटी, आपने तो कुछ कहा ही नहीं!" त्याच्या मिशीला ओलं बिस्किट चिकटलं होतं. तपासणीचे साहेब आले, त्या यादीच्या छापलेल्या कागदावर सही करून गेले. मी दाराशीच उभी होते, त्यांना वाट द्यायला तेवढी बाजूला सरकले. मग आत जाऊन तेच पीठ चाळलं, उरलेल्या अळ्या नखाने काढल्या आणि सगळ्या मुलींच्या पोळ्या लाटल्या. मॅनेजरचा चेहरा आता नीट आठवतही नाही, पण कणीक मळताना माझ्याच हातांची मला अजून किळस येते.