मामांचं देवगांडूळ

माझ्या बायकोच्या मामांइतका खाली मान घालून जगलेला माणूस उभ्या नाशकात दुसरा नसेल, आणि त्याचा नम्रतेशी काही संबंध नव्हता. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात देवगांडूळ शोधत. देवगांडूळ म्हणजे गांडूळ नव्हे, हे ते नवख्या माणसाला चहा यायच्या आत सांगत. तो बेडकाचा भाऊबंद. पाय नाहीत, डोळे कातडीखाली, सगळा जन्म ओल्या मातीत. पण त्याला कणा असतो, दात असतात. “गांडुळाला दात पाहिलेत कधी?” असं त्यांनी आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांना विचारलं होतं. वडील नाही म्हणाले आणि बोलणी पुढे सरकली. मामांच्या पिशवीत खुरपं कायम असे. पंचवटीतल्या एका मुंजीत ते मोरीमागची ओल उकरताना दिसले, तेव्हा यजमानांना वाटलं, अंगठी पडली. चार पाहुणे मदतीला वाकले.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात पेठकडच्या डोंगरात, दगडाखाली, त्यांना ते सापडलं. पेन्सिलीएवढं जाड, वीतभर, जांभळट. मातीसकट बरणीत घालून ते एसटीने घरी आणलं. मामींनी डाळ समजून झाकण उघडलं. त्या दिवशीचं जेवण शेजारून आलं. मामांच्या मते हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला वंश होता आणि जात तर बहुधा अगदीच नवी. पुण्याच्या एका जाणकारांनी फोनवर सांगितलं, “मारून फॉर्मॅलिनमध्ये पाठवा. दात तपासल्याशिवाय नाव देता येत नाही.” मामांनी फॉर्मॅलिन आणलं. सकाळी पाहतात तर बरणीत बाईसाहेब अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेल्या.

मामा कॉलेजला गेले नाहीत. बरणीसमोर बसून राहिले. शेवटी मामी म्हणाल्या, “अहो, बाळंतीण आहे ती. सोडून या तिला.”

“पुन्हा मिळायची नाही.”

“नाही तर नाही.”

बरणी मांडीवर घेऊन मामांनी पेठची एसटी धरली. गाडी खड्ड्यातून हळू घ्यायला सांगितल्यावर कंडक्टरने विचारलं, “लोणचं हाय का?” मामा हो म्हणाले. पुण्याला त्यांनी ‘निसटलं’ एवढंच कळवलं. पुढे दर पावसाळ्यात ते त्या उतारावर जात राहिले. दुसरं कधी मिळालं नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिथे रिसॉर्ट होतंय असं कळलं. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. जेसीबीने उतार सपाट केला होता, तांबडी माती उघडी पडली होती. मामा बराच वेळ काठावर उभे राहिले.

“खाली गेली असतील ना, जावईबापू? खोल जातात ती.”

प्राणिशास्त्रातला प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला होता. मी म्हटलं, “गेली असणार, मामा.” त्यांनी मान डोलावली आणि माझ्या खांद्याला धरून ते स्कूटरवर बसले.