फसलेलं काही दाखवा

युद्धातून सावरणाऱ्या राष्ट्राला नियोजनाची दिशा दाखवण्याचं सामर्थ्य आज जगात कुठे असेल, तर ते तापीच्या खोऱ्यात आहे. हे वाक्य माझं नाही. जळगाव स्टेशनवर उतरताच हातात पडलेल्या कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या पानावर ते छापलेलं होतं. दुसऱ्या पानावर सकाळी सत्कार, दुपारी सत्कार आणि मधल्या वेळेत 'क्षेत्रभेट (वेळ मिळाल्यास)' असं होतं.

मी दुभाषा म्हणून गेलो होतो. पाहुण्या ग्रेसबाई आफ्रिकेतल्या एका देशाच्या नियोजन खात्यातून आल्या होत्या. त्यांच्याकडचं लांबलेलं यादवी युद्ध संपलं होतं आणि पहिली राष्ट्रीय विकास योजना आखली जात होती. नदीकाठच्या एका खोऱ्यात पूर्वी केळी होत. तिथले सुरुंग काढून झाले, माणसं परतली, पुन्हा बागा लागल्या. आता त्या खोऱ्यासाठी एकच मोठं काम करण्याइतका पैसा हाताशी होता. सल्लागारांनी शीतगृह सुचवलं होतं, आणि नमुना म्हणून फैजपूरजवळच्या एका शीतगृहाचा नकाशा जोडला होता. परत गेल्यावर बाईंना हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं.

जळगावच्या सभागृहात आमच्यासमोर पडद्यावर बाण वर जात राहिले. प्रत्येक बाणानंतर एक शाल. तिसऱ्या शालीनंतर ग्रेसबाईंनी हात वर केला.

"हे फार छान आहे," त्या म्हणाल्या. "आता फसलेलं काही दाखवा."

मी भाषांतर केलं. आमच्याबरोबर नेमलेले संपर्क अधिकारी पाटील माझ्या कानाशी आले.

"सर, नीट भाषांतर केलंत ना?"

"केलं."

"मग मॅडमना सांगा, आपल्याकडे कामं दोनच प्रकारची. पूर्ण झालेली आणि प्रगतिपथावर असलेली. तिसरा प्रकार नाही."

मी सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे एकदाच चुकण्यापुरते पैसे आहेत. तुम्ही करून बसलेली चूक आम्हाला पुन्हा विकत घ्यायची नाही."

पाटलांनी हेही ऐकलं आणि चौथी शाल मागवली.

दुपारचं जेवण मेहरूणला तलावाजवळ एकांच्या घरी होतं. हिरवी मोठी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजून, लाकडी भांड्यात ठेचून केलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची). ग्रेसबाईंनी तीनदा भरीत मागून घेतलं. ठेच्याकडे मात्र त्या चटणी समजून वळल्या आणि पुढचा बराच वेळ ताकाचा तांब्या हातात धरून बसल्या. यजमानीण अक्का हळहळल्या, "अहो, यांना आधी सांगायचं नाही का कोणी?" पाटील म्हणाले, "अक्का, त्यांना फसलेलं काही बघायचं होतं." त्या दोन दिवसांत पाटील खरं बोलले ते एवढंच.

निघायला उशीर झालाच. गाडी चालवणारे सुभाषनाना धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. भुसावळ ओलांडताना लांबवर दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या. पाटलांनी त्या बाईंना दोनदा दाखवल्या. तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. गडद हिरव्या पानांच्या भिंती, त्यांच्यामधून गढूळ पाण्याचे पाट, आणि बांधाबांधावर उभे ट्रक. बाई पहिल्यांदाच खिडकीची काच खाली करून बसल्या. ट्रक दिसला की त्या मान वळवून तो शेतात कुठपर्यंत गेलाय ते बघत.

शीतगृह नकाशात होतं तसंच होतं. उंच, पांढरं, दारावर संगमरवरी पाटी आणि पाटीखाली कुलूप. किल्ली ज्याच्याकडे होती तो सावद्याला लग्नाला गेला होता.

"बंद आहे का?" बाईंनी विचारलं.

"बंद नाही," पाटील म्हणाले. "सध्या वापर नाही."

नाना गाडीला टेकून उभे होते. "आठे बठ्ठा चालू शे, साहेब," ते मला म्हणाले (इथे सगळं चालू आहे). "फक्त काम बंद शे."

हे मी भाषांतर करावं की नाही, एवढा विचार करेपर्यंत पाटलांनीच नानांना डिझेल भरून आणायला पाठवलं.

मागच्या कुंपणापलीकडे एका बागेत कापणी चालली होती. डोक्यावर पानांची चुंबळ, त्यावर घड, आणि घड जमिनीला न टेकवता माणसं सरळ ट्रकपर्यंत चालत जात. ट्रक ज्यांचा होता ते पारसभाऊ खुर्ची टाकून बसले होते. राजस्थानातून आलेलं व्यापारी घराणं, चौथी पिढी. केळीचा व्यापार, दोन दुकानं आणि तालुक्यातल्या प्रत्येक समितीत एक खुर्ची. पाटलांना बघून ते उठले. "या साहेब, पुन्हा पाहुणे आणले का?"

चहा आला. पाटील फोनवर बोलत जरा लांब गेले आणि बाईंनी थेट विचारलं, "हे शीतगृह का चालत नाही?"

पारसभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "यांना खरं सांगायचं की समितीतलं?"

"खरं," मी म्हणालो.

"मग बघा. हा माल हिरवा कापायचा, बांधावर ट्रकमध्ये भरायचा, सरळ उत्तरेत. पिकतो तो तिकडे गेल्यावर. इथे उतरवायचा कशाला? केळीला जितके हात लागतात तितकी ती काळी पडते. परदेशी जाणाऱ्या मालाला गारवा लागतो, नाही म्हणत नाही. पण ज्याचा माल, तो स्वतःच्या बागेशेजारी स्वतःची खोली बांधतो."

"मग हे इथे का?"

"जागा फुकट होती."

"हे बांधण्याआधी तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, मी केळीवाला आहे. मला माहीत नसेल तर कोणाला असेल? ठरावाला अनुमोदन माझंच." ते हसले, पण पुरतं हसू आलं नाही. "नाही म्हटलं असतं तर मार्चअखेर निधी परत गेला असता. घरी आलेला निधी परत पाठवला, असं मला लोकांनी मरेपर्यंत ऐकवलं असतं."

बाईंनी थोडा वेळ ट्रककडे पाहिलं. मग त्यांनी आपली अडचण सांगितली. त्यांच्या खोऱ्यात असा बांधापर्यंत जाणारा ट्रकच नाही, रस्ता नदीपाशी संपतो. शीतगृह नको म्हणावं असं त्यांनाही वाटत होतं. पण सल्लागारांचं म्हणणं एकच, की यजमान देशात ते यशस्वी आहे. एका प्रवासी बाईचं मत त्याच्यापुढे टिकणार नव्हतं. यजमानांपैकी कोणीतरी ते जाहीरपणे म्हणायला हवं होतं.

"उद्या धुळ्याला समारोपात तुमचाही सत्कार आहे," त्या म्हणाल्या. "तिथे हेच सांगाल?"

"माइकवर?" पारसभाऊ दचकले. "मॅडम, माइकवर मी वेगळा माणूस असतो."

एवढ्यात पाटील परत आले, आणि पारसभाऊ लगेच हवामानावर बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे शेवभाजी खायला थांबलो. धुळ्याला पोहोचलो तेव्हा स्वागताचे ढोल आमच्या आधी थकलेले होते. व्यासपीठावर इतक्या खुर्च्या की समोर बसायला माणसं कमी पडली. मग मागच्या रांगेतल्या काही मान्यवरांना खाली बसवून प्रेक्षक वाढवले. पहिल्या वक्त्याने राष्ट्रउभारणी या विषयाला हात घातला आणि तो बराच वेळ सोडला नाही. युद्ध पाहून आलेली एकच व्यक्ती सभागृहात होती. तिला युद्धाचे परिणाम समजावून सांगितले जात होते आणि ते मला इंग्रजीत करावे लागत होते. काही वाक्यं मी गाळली. बाईंनी तक्रार केली नाही.

मग पारसभाऊंचं नाव पुकारलं गेलं. शीतगृहाचे एक शिल्पकार म्हणून. हार, फेटा, शाल. ते माइकसमोर आले, खोकले, आणि त्यांनी आधी व्यासपीठावरची सगळी नावं मानाने घेतली. ग्रेसबाई माझ्याकडे बघत होत्या. मी खांदे उडवले.

"आमच्या शीतगृहाबद्दल एवढंच सांगतो," पारसभाऊ म्हणाले. "तिथे आजपर्यंत एकही केळं खराब झालेलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटील उभे राहून टाळ्या वाजवत होते. पारसभाऊ थांबले नाहीत. टाळ्या चालू असतानाच, ग्रेसबाईंकडे बघत, नेहमीच्या आवाजात ते पुढे बोलले, "कारण तिथे आजपर्यंत एकही केळं आलेलं नाही. तिथे ते बांधायलाच नको होतं. मला माहीत होतं आणि मी हात वर केला." मग नमस्कार करून ते जागेवर जाऊन बसले. फेटा सोडवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

मी पहिल्या रांगेत होतो म्हणून मला ऐकू आलं. सगळी वाक्यं मी भाषांतर करून दिली.

"हे बोललेलं कुठे राहील का?" बाईंनी विचारलं.

मी व्हिडिओवाल्याकडे बोट दाखवलं. माइक चालू होता. बाईंनी जागेवरून उठून जाऊन त्याच्याकडून तेवढा तुकडा फोनवर घेतला, आणि परत येताना पारसभाऊंसमोर थांबून हात जोडले. नाशिककडे निघताना नानांनी मला विचारलं, "काय जयं?" (काय झालं?) मी सांगितलं. त्यांनी पुढचा एक ट्रक ओलांडला. मग म्हणाले, "भाऊनी हिंमत करी."

पुण्याला परतल्यावर मी विचार करत होतो की योजना फसतात याचं आपल्याला फारसं दुःख नसतं; एका फसलेल्या योजनेवर दुसरी रचता येते. फसली असं म्हणणारा माणूस मात्र आपल्याला अडचणीत टाकतो, कारण त्याला कुठल्या खुर्चीवर बसवायचं ते ठरलेलं नाही. ग्रेसबाईंचा काही आठवड्यांनी फोन आला. त्यांच्या योजनेतून शीतगृह वगळलं होतं आणि नदीपासून बागांच्या बांधापर्यंत रस्ता धरला होता. पारसभाऊंना कळवा, असं त्या म्हणाल्या. मी कळवलं. त्यांनी कोणालाही सांगू नका म्हणून विनवलं, आणि मग रस्ता किती रुंद धरलाय ते विचारलं.

त्यानंतर पाटलांचाही फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. परदेशी शिष्टमंडळाने भेट दिल्यामुळे शीतगृह अधिकृतपणे वापरात आलेलं मानण्यात आलं आहे, आणि दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली आहे. या टप्प्यात अभ्यास दौऱ्यावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी विश्रामगृह आहे.